ढाळाचे मेस्त्री

डिझेल गाडीनं निळा धूर सोडायला सुरुवात केली की मालकाचं निदान तयार असतं. टर्बोचं सील गेलं. हे निदान त्याला वडाप जीपांच्या थांब्यावर फुकट मिळालेलं असतं, पंपावर त्यावर शिक्कामोर्तब झालेलं असतं, आणि मेव्हणा फोनवर ‘मी तेव्हाच म्हणालो होतो’ असं म्हणून मोकळा झालेला असतो. एवढ्या तयारीनिशी तो पाचगणीच्या बाजाराखालच्या उतारावर मेस्त्रींच्या गाळ्यापुढं गाडी लावतो आणि म्हणतो, “मेस्त्री, टर्बोचं सील गेलंय. नवं टाकून द्या.”

मेस्त्री मान वर करत नाहीत. हातातला नट पुरता बसतो, पाना फडक्यावर जातो, मग उत्तर येतं.

“दावा.”

“काय?”

“सील. टर्बोत रबरी सील कुटं असतंय तेवढं दावा. म्या जल्मभर हुडकतोय.”

एवढ्यावर गिऱ्हाईक निम्मं गळतं. उरलेलं निम्मं मेस्त्रींचं व्याख्यान गाळतं. गाळ्यात एका खुंटीवर मेलेला टर्बो टांगलेला आहे. तो खाली येतो, स्टुलावर बसतो आणि मेस्त्रींच्या तारेच्या तुकड्याबरहुकूम आपलं पोट उघडून दाखवतो. हा मधला दांडा. याच्या एका टोकाला धुरानं फिरणारं चाक, दुसऱ्या टोकाला हवा कोंबणारं चाक. घाट चढताना धुराकडच्या बाजूला सहाशे-सातशे अंशांची धग, आणि दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतोय. एवढ्या वेगात दांडा बुशाला टेकला तर क्षणात खलास. म्हणून तो टेकतच नाही, तेलाच्या पातळ पापुद्र्यावर तरंगतो. दोन्ही टोकांना बारीक लोखंडी रिंगा, पिस्टनला असतात त्या जातीच्या. त्या तेल अडवत नाहीत. तेल आत राहतं ते बाहेरच्या हवेच्या आणि धुराच्या दाबामुळं. आता तेलाची खाली उतरायची वाट, म्हणजे रिटर्न, अडली, तर मधलं घर भरणार. भरलेलं तेल रिंगेच्या फटीतून एकीकडं सायलेन्सरात, दुसरीकडं हवेच्या पाइपात शिरणार. दोन्हीकडून शेवट निळ्या धुरात.

“म्हंजे गेलं काय?” मेस्त्री तारेचा तुकडा गिऱ्हाइकाच्या छातीकडं रोखून विचारतात.

“रिटर्न,” गिऱ्हाईक घाबरून म्हणतं. पहिल्या प्रयत्नात हे उत्तर देणाऱ्याला चहा मिळतो.

मेस्त्रींचं नाव अर्थातच दुसरं काहीतरी आहे, आधार कार्डावर असेल. वाईपासून महाबळेश्वरपर्यंतचे ड्रायव्हर त्यांना ‘ढाळाचे मेस्त्री’ म्हणतात. वडील गवंडी होते. त्यांच्याकडून या मुलाला जमीनजुमला काही मिळाला नाही. मिळाला एक पितळी ओळंबा आणि एक पाणसळ. मुलगा दगडविटांत रमला नाही, जीपच्या बोनेटखाली शिरला, पण जाताना ती दोन्ही हत्यारं घेऊन शिरला. महाराष्ट्रात मेस्त्री पुष्कळ असतील. टर्बोशेजारी ओळंबा सोडून, एक डोळा मिटून, रिटर्न पाइप उभ्या रेषेला किती कलला आहे ते बघणारा मेस्त्री दुसरा मला माहीत नाही. टर्बो बनवणारे सांगतात की हा कल ३५ अंशांच्या आत असावा. मेस्त्रींना कंपन्यांचा आकडा ढिला वाटतो.

आता ओळंबा खरं बोलायचा तर गाडी सपाट जागी उभी पाहिजे, आणि पाचगणीत सपाट जागा म्हणजे एकच, टेबललँड. तिथं गॅरेज काढायला कोण देणार? मग मेस्त्रींनी कर्ज काढलं. गॅरेजवाला कर्ज काढतो ते लिफ्टसाठी, कॉम्प्रेसरसाठी. यांनी काढलं फरशीसाठी. एका गाडीपुरती फरशी पाणसळ लावून अशी तंतोतंत सपाट करून घेतली की सांडलेलं तेल कुठं जावं या संभ्रमात जागीच बसतं. एकदा एका खवचट ड्रायव्हरनं विचारलं, “मेस्त्री, तुम्ही फरशी सपाट केली, पसरणीचा घाट कोण सपाट करणार? गाडी तर नाक वर करूनच चढती.” दुसरा कुणी असता तर हसण्यावारी नेलं असतं. मेस्त्री दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या ड्रायव्हरला बोलावून म्हणाले, “तुजं बरुबर हाय. म्या आता पस्तीस न्हाय, विसाच्या आत ठेवतो.”

या सगळ्याला टर्बो कारणीभूत हे खरं, पण टर्बोशिवाय या डोंगरात चालतही नाही. पसरणी घाटाच्या पायथ्याची वाई सातशे मीटरच्या आसपास, माथ्यावरची पाचगणी तेराशेच्या घरात. वर हवा विरळ. समुद्रकाठच्या मानानं साधारण आठवा हिस्सा कमीच. जुन्या बिनटर्बोच्या जीपा वडापची चौदा माणसं आणि टपावर कोंबड्यांची डालगी घेऊन घाट चढायच्या तेव्हा मागं काळ्या धुराचा पडदा सोडून जायच्या. मागच्या गाडीला वळण दिसायचं नाही, वास यायचा. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली पेटंट घेतलेली युक्ती, म्हणजे वाया जाणाऱ्या धुरानंच चाक फिरवून इंजिनात जादा हवा दाबायची, ती जहाजं, आगगाड्या, ट्रक असा प्रवास करत आपल्या वडापपर्यंत पोचली, तोवर शतक सरत आलं होतं. ब्युखीचं नाव मी मेस्त्रींना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “त्याच्या रिटर्नचा पाइप किती जाड हुता?”

मेस्त्रींचा राग कशावर आहे ते इथं कळतं. टर्बोला तेलाच्या दोन वाटा. येणारी बारीक, आतून चार-पाच मिलिमीटर. इंजिनाचा पंप तीन-चार किलोच्या दाबानं तीतून तेल ढकलतो. जाणारी त्याच्या तिप्पट-चौपट जाड. अडाण्याला हे उलटं वाटतं. जेवढं आलं तेवढंच जाणार, मग एवढा जाड पाइप कशाला? तर येताना तेलाच्या पाठीवर पंप असतो, जाताना कुणीच नसतं. बुशात घुसळून निघालेलं तेल धारोष्ण दुधासारखं फेसाळलेलं असतं, त्याचा दाब संपलेला असतो, आणि ते फक्त स्वतःच्या वजनानं खाली चेंबरात उतरतं. म्हणून पाइप जाड हवा, उभा हवा, कुठं पोट काढलेलं नको, आणि त्याचं तोंड चेंबरातल्या तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवं. “येणाऱ्याला समदी ढकलत्यात,” मेस्त्री म्हणतात, “जाणाऱ्याला वाट पायजे.” हे वाक्य त्यांनी फक्त तेलाबद्दल म्हटलं होतं. एका निवृत्त प्राध्यापकांनी ते डायरीत उतरवून घेतल्यावर मेस्त्री त्यांच्यावर उखडले होते.

हल्ली जीप नटवणारी पोरं येतात. त्यांनी येणाऱ्या वाटेसाठी स्टीलच्या जाळीचा चकचकीत पाइप मागवलेला असतो, दोन्ही टोकांना निळे-लाल नट, मोबाइलमध्ये त्याचा फोटो. मेस्त्री तो पाइप हातात घेतात, उजेडात धरतात, मनापासून तारीफ करतात. “झ्याक हाय. आन् जायाचा?” पोरगं खिशातून काहीच काढत नाही. जायच्या वाटेला मुंबईच्या कुणा पोरानं पाण्याचा पाइप जोडून दिलेला असतो, दोन क्लिपा मारून. त्यावर मेस्त्री जे बोलतात ते मासिकात छापता येणार नाही.

पाण्याच्या पाइपावरून स्ट्रॉबेरीच्या पिकअपची गोष्ट सांगितलीच पाहिजे. डिसेंबर ते मार्च या भागात दोन प्रकारची माणसं रात्री जागी असतात: बोर्डिंगमधली परीक्षेची मुलं आणि स्ट्रॉबेरीचे पिकअपवाले. संध्याकाळी माल भरायचा आणि उजाडायच्या आत वाशीला उतरवायचा. तर भिलारकडचा एक पिकअप असा धुरावला होता की स्ट्रॉबेरीलाही डिझेलचा वास लागल्याची तक्रार आली. मालकानं खालच्या एका गॅरेजात टर्बो बदलला. महिन्यात पुन्हा धूर. पुन्हा बदलला. तिसऱ्या वेळी तो मेस्त्रींकडं आला तो टर्बो घ्यायला नव्हे, तर शिव्या द्यायला कुणीतरी हवं म्हणून.

मेस्त्रींनी शिव्या ऐकून घेतल्या. मग तेल भरायचं झाकण काढून चालू इंजिनावर नुसतं उलटं ठेवलं. झाकण नाचलं असतं तर चेंबरात वाफ कोंडतेय, म्हणजे ती बाहेर सोडणारा ब्रीदर तुंबलाय. मग खालून वर दाबणाऱ्या त्या वाफेपुढं रिटर्नच्या तेलाचं काही चालत नाही. झाकण नाचलं नाही. ब्रीदर साफ होता. मग ओळंबा सुटला. पाइप सरळ, कल उत्तम. बाहेरून बघावं तर नवाकोरा, जाडजूड, क्लिपा घट्ट. मालकाच्या डोळ्यांत ‘बघा, मी म्हणालो नव्हतो?’ उमटलं. मेस्त्रींनी पाइप दोन बोटांत दाबला. दाबला तसा तो दबला नाही. त्यांनी नाकाला लावून वास घेतला, क्लिपा सोडल्या, आणि हाफ ब्लेडनं पाइप उभा चिरला. आतलं रबर गरम तेल पिऊन सुजलं होतं. बाहेरून अंगठाभर दिसणाऱ्या पाइपाच्या मधोमध जेमतेम तूरडाळ जाईल एवढं भोक उरलं होतं. पाण्यासाठी केलेलं रबर तेल सोसत नाही, एवढीच गोष्ट. पण दोन टर्बो त्यात गेले होते.

मालक खाली बसला. मेस्त्रींनी चिरलेल्या पाइपाचे दोन्ही अर्धे त्याच्या दोन हातांत दिले आणि म्हणाले, “एक त्येला नेऊन दे. एक देव्हाऱ्यात ठेव.”

पुढं त्याच संध्याकाळी टर्बो बसवताना मी तिथं होतो. येणाऱ्या पाइपाच्या बँजो बोल्टाला तांब्याची दोन वायसरं लागतात. नवी मापाची नव्हती म्हणून मेस्त्रींनी जुनीच गॅसवर लाल केली आणि पाण्याच्या डब्यात टाकली. चुर्र झालं, तांबं मऊ पडलं. रिटर्नच्या फ्लँजला पॅकिंग कोरडं बसवलं. पोऱ्या सवयीनं सिलिकॉनची ट्यूब घेऊन पुढं आला तशी मेस्त्रींनी ती त्याच्या हातून घेतली आणि पत्र्यावर भिरकावली. (पत्र्यावर अशा ट्यूबांचा बराच साठा असावा.) सिलिकॉन दाबलं की बाहेर येतं तेवढंच आतही जातं, भोकाच्या कडेला त्याची जीभ लोंबते आणि तेलाची वाट खाते. मग कुपीनं टर्बोच्या वरच्या भोकात तेल घातलं, चाक बोटानं हळू फिरवलं. रिटर्न पाइप चेंबराला जोडलाच नाही. त्याचं तोंड कापलेल्या पाण्याच्या बाटलीत धरलं. डिझेल बंद ठेवून नुसता सेल्फ मारला. एकदा, दोनदा. गाळ्यातली सगळी माणसं बाटलीकडं बघत होती. पहिल्यांदा बुडबुडा आला, मग थेंब, मग धार धरली. पिकअपवाला “आलं, आलं!” म्हणून ओरडला तेव्हा शेजारच्या सलूनमधलं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक बघायला आलं.

मेस्त्रींचं दुसरं वेड घाटमाथ्यावर पाहायला मिळतं. घाट चढून आलेली गाडी दांडेघरजवळ, हॅरिसन फॉलीच्या बाजूला वळते. मंडळींना फोटो काढायचे असतात. ड्रायव्हर ब्रेक मारतो आणि त्याच क्षणी चावी फिरवतो. तेलाचा पंप बंद, टर्बो तापून लाल, आणि मधल्या घरात अडकलेलं तेल तिथंच करपतं. त्याचा काळा कोळसा धरतो, बारीक वाटेत थर बसतो, आणि दोन-चार वर्षांत येणारी वाटही बुजते. उपायाला एक पैसाही लागत नाही: मिनिटभर गाडी चालू ठेवायची. अलीकडच्या काही गाड्यांत टर्बोला पाण्याची फेरी दिलेली असते, तिथं एवढं भिण्याचं कारण नाही, पण हे मेस्त्रींना सांगायचं कुणी? रविवारी दुकान बंद असलं की ते स्कूटरवरून माथ्यावर जातात आणि थांबलेल्या गाडीच्या खिडकीवर टकटक करतात. “साहेब, चालू करा. एक मिनिट चालू ठिवा.” मुंबईच्या माणसाला खिडकीवर टकटक करणारा माणूस एकाच कारणासाठी माहीत आहे. तो पार्किंगची पावती मागतो. मेस्त्री म्हणतात, पावती न्हाय. तो वीस रुपये काढतो. मेस्त्री म्हणतात, पैशे न्हाय. आता मात्र तो खरोखर घाबरतो, कारण पैसे नको म्हणणारा माणूस म्हणजे पुढं काहीतरी मोठं आहे. तो घाईघाईनं गाडी चालू करून निघून जातो. इंजिन चालू राहिलं, एवढ्यावर मेस्त्री समाधानी.

अशा माणसाचा धंदा कसा चालतो? नाहीच चालत फारसा. कारण मेस्त्री खरं सांगतात आणि स्वस्तात सांगतात, आणि महागाची गाडी असलेल्या माणसाला स्वस्त दुखणं सहन होत नाही. जूनमध्ये पोरांना बोर्डिंगला सोडायला आलेल्या एका गृहस्थांना शहरात टर्बोसाठी पाऊण लाखाचा अंदाज मिळाला होता. मेस्त्रींनी तासाभरात तुंबलेला ब्रीदर काढून धुतला आणि साडेतीनशे रुपये मागितले. गृहस्थांचा चेहरा पडला. पाऊण लाखाचा रोग साडेतीनशेत बरा होतो म्हणजे बरा झालाच नाही, अशी त्यांची खात्री पटली, आणि पुन्हा तपासून घ्यायला ते थेट पुण्याला गेले. पोऱ्यानं तेव्हापासून मेस्त्रींच्या मागं टुमणं लावलंय: आधी गंभीर तोंड करून अर्धा तास गप बसायचं, मग ‘बघतो काय जमतंय का’ म्हणायचं आणि पाच हजार घ्यायचे. मेस्त्रींना ते पटत नाही. गंभीर तोंड त्यांचं कायमचंच आहे, त्याचे वेगळे पैसे कसले?

घरी आणि गावातही मेस्त्रींना ढाळाचंच वेड. पाचगणीत दुसरे लोक जॉन चेसनचं नाव काढतात ते सिल्व्हर ओकसाठी. १८६० च्या दशकात हे गाव वसवताना त्यानं परदेशी झाडं आणून लावली म्हणून. मेस्त्री म्हणतात, “झाडं कुनीबी लावंल. त्या साहेबानं पान्याला ढाळ दिला का न्हाय ते बगा.” पावसाळ्यात ढग खाली उतरून बाजारात शिरतात तेव्हा मेस्त्री छत्री घेऊन गटारं बघत हिंडतात, आणि नगरपरिषदेत त्यांचा अर्ज आला की कारकून तो न वाचता विषय लिहितो: ढाळाबाबत.

मागच्या वर्षी त्यांच्या मुलीसाठी स्थळ बघायला भुईंजच्या बाजूला गेलो होतो. मुलगा साखर कारखान्यात फिटर, घर पक्कं, माणसं साधी. नमस्कार-चमत्कार झाले, पोह्यांच्या बशा आल्या आणि मेस्त्री जागेवर नव्हते. पाचेक मिनिटं गेली. मुलाच्या वडिलांनी खाकरून विचारलं, पाहुणे कुठं गेले? मेस्त्री घराच्या मागच्या अंगाला वाकून मोरीचं पाणी कुठं जातं ते बघत होते. आत येऊन त्यांनी टोपी नीट केली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “मोरी तुंबतीया. दोन इंची पाइप टाकलाय तुमी, आन् ढाळ न्हाईच.”

बैठकीत शांतता. मेस्त्रींच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. मुलाची आई आत निघून गेली. मुलाचे वडील काही बोलणार तेवढ्यात मुलगाच म्हणाला, “काका, तो पाइप आण्णांनी टाकलाय. मी कवापासनं म्हणतोय, चार इंची टाका.”

मेस्त्रींनी त्याच्याकडं प्रथमच नीट बघितलं. “आन् ढाळ किती देशील?”

“फुटाला पाव इंच.”

मेस्त्री खाली बसले. पोह्यांची बशी ओढली आणि आतल्या दाराकडं बघत म्हणाले, “लिंबू आसलं तर द्या वो वाईच.”

साखरपुड्याआधी पाइप बदलला गेला, लग्न झालं, मुलगी सासरी सुखात आहे. ‘फुटाला पाव इंच’ हे उत्तर आदल्या रात्री पाचगणीहूनच फोनवरून भुईंजला गेलं होतं, हे मेस्त्रींच्या बायकोनं मला नंतर सांगितलं. मेस्त्रींना ते अजून माहीत नाही. ते मासिकं वाचत नाहीत, म्हणून इथं लिहायला हरकत नाही.